देवळावर थांबणारी बोट

नाथसागर धरणात बुडालेल्या गावाच्या देवीच्या देवळावर बोट आली, की इंजिन वाफ सोडून बंद पडायचं. महिनाभर हेच. काठावर बघ्यांची जत्रा. जळनाथ महाराज बोटीच्या टोकाला उभे राहायचे, नारळ सोडायचे, अर्धा तास मंत्र पुटपुटायचे. मग बोटवाल्या हैदरनं इंजिन चालू केलं, की ते निमूट सुरू व्हायचं आणि जयजयकार दुमदुमायचा.

द्वारकाला जयजयकार सुचत नव्हता. तिच्या आठ महिन्यांच्या बाळाची छाती भरून यायची, दवाखाना पैलतीरावर, आणि तो अर्धा तास ती उन्हात त्याचे श्वास मोजत बसायची.

एका खेपेला वारा समोरून होता. बोट देवळाच्या बरीच अलीकडे थांबली.

"देवी सामोरी आली," महाराज म्हणाले.

द्वारकानं मनगटावर पाहिलं. काठावरून निघून पंधरा मिनिटं, रोजच्यासारखीच. देवी घड्याळ लावून येते, हे तिला नवीन होतं.

त्याच दिवशी महाराजांनी फर्मावलं, की येत्या अमावस्येला पोराला देवळावरच्या पाण्यात तीन बुचकळ्या द्या. ना इंजिन अडेल, ना छाती. सासू भागूबाई हो म्हणून मोकळी झाली. अमावस्येला चार दिवस होते.

द्वारकाचे वडील शहरात गुलमंडीजवळ ट्रकचे सुटे भाग विकायचे, आणि बोटीचं इंजिनही जुन्या ट्रकचंच. तिनं हैदरला गाठलं. पंप नवा, पट्टा नवा, सब देखा, असं तो म्हणाला.

"थर्मोस्टॅट, हैदरभाई?"

हैदरनं कान खाजवला. "वो तो कभी खोला नहीं, भाभी."

वडिलांनी एसटीच्या ड्रायव्हरजवळ दोन नवे थर्मोस्टॅट पाठवले. अमावस्येच्या सकाळी हैदरनं जुना काढून एक नवा बसवला. उरलेला नवा आणि तो जुना द्वारकानं काठावरच्या आवडाबाईच्या चहाच्या पातेल्यात, उकळत्या पाण्यात सोडले. गर्दी वाकली. नव्याचं झाकण हळूच वर उचललं गेलं. जुनं ढिम्म.

"हा इंजिनातल्या पाण्याचा दरवाजा," द्वारका म्हणाली. "पाणी तापलं की उघडायचा, गरम पाणी गार व्हायला बाहेर सोडायचा. हा जुना गंजून बसलाय. पंधरा मिनिटांत इंजिन तापून बंद पडतं, अर्ध्या तासात आपोआप निवतं. तेवढ्यात मंत्र म्हणा नाहीतर पाढे."

"देवी पातेल्यात मावती व्हय?" महाराज हसले.

"देवीचं राहू द्या," आवडाबाई म्हणाली, "माझं पातेलं कोण घासून देतंय ते सांगा."

बोट निघाली. महाराज नारळ घेऊन टोकाला. देऊळ आलं. इंजिन फटफटतच राहिलं.

"देवी प्रसन्न झाली!" महाराजांनी चटकन सूर बदलला. "हैदर, थांबव. बुचकळ्या राहिल्यात."

हैदरनं भागूबाईकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. बाळ सासूच्या मांडीवर होतं, त्याची छाती भात्यासारखी चालली होती.

भागूबाईनं त्याला पदराखाली घेतलं. मोकळ्या हातानं पाण्याला नमस्कार केला.

"थांबू नको रे हैदर. दवाखाना बंद व्हईल."

नमस्कार चालत्या बोटीतूनही पोचतो, बायांनो. त्याच्यासाठी इंजिन बंद पडू देऊ नका, आणि बंद पडलंच तर आधी ते उघडून बघा. लेकरू मात्र कुणाच्या मंत्राच्या हवाली करू नका.