एक स्वर खाली

ज्ञान माणसाला मुक्त करतं. मला त्याने संगीतशाळेत स्वरलिपीच्या नकला काढण्याइतपत मुक्त केलं. जे ज्ञान उरलं, ते मी धाकट्या बहिणीवर खर्च केलं.

ती अठरा वर्षं कारखान्याच्या बँडमध्ये बी-फ्लॅट पट्टीचा ट्युबा, म्हणजे फुंकून वाजवायचा अवजड पितळी भोंगा, वाजवत होती. मोठ्या वाद्यवृंदात जागा निघाली, पण तिथला ट्युबा सी पट्टीचा, एक स्वर चढा. कागदावरचा सूर तोच, बोटं मात्र वेगळी. खालचा सी काढायला तिच्या ट्युबावर पहिली आणि तिसरी चावी दाबायची, तिथे एकही नाही. जुन्याच बोटांनी वाजवलं तर सगळं एक स्वर वर चढतं.

"तीन महिन्यांत शिकेन," ती म्हणाली.

"चाळिशीला टेकलीस. बोटांना आता नवं वळण लागायचं नाही."

"बोटं माझी आहेत ना, दादा? मग तू का दमतोस?"

ती रोज वाद्यदुरुस्तीवाल्याच्या दुकानात सरावाला जाऊ लागली. सीचा ट्युबा त्याच्याकडेच होता. सराव कसा चाललाय ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

निवडपरीक्षेत वाजवायच्या रचनेचा कागद टपालाने आला, तो माझ्या हाती पडला. मी तो अख्खा एक स्वर खाली उतरवून लिहिला. जुनी बोटं, उतरवलेला कागद, की सूर आपोआप जागेवर. मूळ कागद खणात टाकून तिला माझी नक्कल दिली.

"अक्षर बाकी छान आहे हं," ती म्हणाली.

तिला सांगितलं तर तिचा अपमान होईल, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे मला ते निवड झाल्यावर, चारचौघांत सांगायचं होतं.

परीक्षेच्या दिवशी मी दाराशी बसलो. साथीचा पियानो मूळ पट्टीत सुरू झाला, ट्युबा त्यात शिरला आणि दोघं एकमेकांशी अबोला धरल्यासारखे, एका स्वराचं अंतर राखून चालू लागले. तिने थांबून स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. बोटं बिनचूक होती. सीच्या ट्युबाची, नवी होती.

बाहेर आल्यावर तिने कागद माझ्यापुढे धरला. "हे तू उतरवलंस?"

"तुझी सोय म्हणून."

"विचारायचं तरी."

"तू तरी सांगायचंस, येतंय म्हणून."

"तू तोंडात बोट घालावंस म्हणून गप्प राहिले होते."

मी ट्युबाच्या पेटीचं झाकण लावू लागलो. तिने माझा हात बाजूला करून ते स्वतः लावलं.

आठवड्याने पत्र आलं. जागा तूर्त रिकामी ठेवली होती. उमेदवार ती एकटीच होती.