सतरा नंबरची नळी

ताइनान शहरातल्या आमच्या प्रयोगशाळेत प्रत्येक यंत्राच्या डोक्यावर मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट ठेवलेलं असतं. ते असलं की यंत्र शहाण्यासारखं वागतं. पाकीट हिरवंच हवं आणि मुदत संपलेलं चालत नाही. मी विज्ञान शिकलेली बाई, तरी पाकिटं बदलण्याचं काम माझ्याकडे होतं आणि मी ते मनापासून करायची. हसायचं तर हसा.

तीन वर्षांपूर्वी आम्ही स्तनाच्या कर्करोगाची रक्तातली एक खूण तपासत होतो. आजारी बायकांचं रक्त इस्पितळातून यायचं. तुलनेसाठी निरोगी बायकांचं रक्त लागतं, ते कोण देणार? नेहमीप्रमाणे आम्ही आपापल्या घरच्यांनाच धरून आणलं. माझी ताई, बी-युन, बाजारात माशाच्या पेजेचा गाडा चालवते. ती दुपारी गाडा आवरून आली.

"टोच लवकर. भांडी घासायची राहिलीत माझी," म्हणाली.

नळ्यांवर नुसते नंबर होते. नावांची यादी आमचे प्रमुख च्यान सर यांच्या कपाटात, कुलपात.

निरोगी नळ्यांमध्ये सतरा नंबरचा आकडा भलताच वर गेला. सरांनी विचारलं, "श्यू-हुई, हे काय गं?"

मी यंत्रावर पाहिलं. पाकिटाची मुदत चार दिवसांपूर्वीच संपली होती.

"माझंच चुकलं सर. यंत्र रुसलंय."

सगळे हसले. मी नवं पाकीट ठेवलं. सतरा नंबर पुन्हा लावायला हवा होता. दुसऱ्यांदाही आकडा वर आला तर सर यादी उघडून त्या बाईला कळवायचे, असा नियमच होता. पण निरोगी बाईचं रक्त, त्यात काय बघायचं? यंत्राचा दोष असा शेरा मारून मी तो आकडा खोडला.

यंदा ताईच्या छातीत गाठ सापडली, तोवर आजार हाडांत उतरला होता. मी सरांना यादी उघडायला लावली. त्यांनी वाचली, चष्मा काढला आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"एका आकड्यावरून निदान होत नसतं," ते म्हणाले.

खरं असेल. पण मी तिला डॉक्टरकडे ओढत तरी नेलं असतं! हे माझ्या मनातून जात नाही, जाणारही नाही.

इस्पितळात तिच्या खाटेशी बसून मी सगळं सांगितलं.

"म्हणजे माझं रक्त खरं बोलत होतं," ती म्हणाली, "आणि तू खाऊच्या पुड्याचं ऐकलंस."

"हो ताई."

"रडू नकोस, नाक लाल होतं तुझं." तिने उशीखालून एक हिरवं पाकीट काढलं. "शेजारणीने आणून दिलंय. ठेव या सलाइनच्या यंत्रावर. आणि मुदत बघ, त्यात तू हुशार."

मी तारीख पाहिली. पुढच्या मार्चपर्यंतची होती. ताईला डॉक्टरांनी तेवढे महिने दिले नव्हते.

"चालेल ना?" तिने विचारलं.

"चालेल," म्हटलं, आणि पाकीट यंत्रावर नीट उभं केलं.