तुटलेला बोल्ट

घानातल्या कुमासी शहराच्या गॅरेजपट्टीत दूफीच्या जुन्या टॅक्सीच्या सस्पेन्शनचा बोल्ट गंजून पार आवळून बसला होता.

"आधी तेल सोड, तापव," ती म्हणाली.

"मावशी, हे बायकांचं काम नव्हे," म्हणत मेकॅनिक ओपोकूने पान्याला पाइप जोडला आणि दातओठ खात जोर लावला. बोल्टचं डोकंच तुटलं.

"गाडीच थकलीय," तो घाम पुसत म्हणाला.

"गाडी कसली थकते! तुझ्या डोक्याला गंज चढलाय. ऊठ, आता ढकल."

सगळ्या गल्लीदेखत तिने त्याच्याकडूनच गाडी समोरच्या वेल्डर आग्येईच्या शेडमध्ये ढकलून घेतली. आग्येईने तुटक्या तोंडावर नट वेल्ड केला आणि त्या तापाने सैल झालेला तुकडा पान्याने बाहेर काढला.

ओपोकू टक लावून बघत होता.

"बघून काय उपयोग?" दूफी फणकारली. "तुला ऐकायला येत नाही."