धुतलेली गाजरं

दुकानात गाजरांना माती फासायचं काम माझ्याकडे आहे. हसू नका. घाऊक बाजारातून आलेली, औषध मारलेली गाजरं मी कुंडीतल्या ओल्या मातीत घोळवते, टोपलीत रचते आणि वर पाटी लावते, ‘शेतातून थेट’. लोक तुटून पडतात. शेजारच्या टोपलीत माझ्या ताईची गाजरं असतात, खरोखर औषधाविना वाढवलेली. त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

कारण ताई गाजरं धुते. काथ्यानं घासून, शेंडे कापून, लख्ख.

“अगं बाई, नको धुऊस,” मी शंभरदा सांगितलं.

“लोकांच्या घरात घाण पाठवू? आईनं हेच शिकवलं का आपल्याला?”

आता हिच्यापुढे काय कपाळ फोडायचं!

आमच्या मॅनेजरना आम्ही पाठीमागे ‘कडक इस्त्री’ म्हणतो. त्यांनी सोमवारी मला बोलावून सुनावलं, “तुमच्या ताईंचा माल उठत नाही. या आठवड्यात खपला तर ठीक, नाहीतर टोपली बंद.” भावोजींनी ताईला आधीच बजावलं होतं, दुकान माल घेतंय तोवर तुझं खरं, मग फवारणीचा पंप मी पाठीवर घेणार. इतकी वर्षं भांडून बिनऔषधाची राखलेली जमीन एका टोपलीवर अडली होती.

शनिवारी ताई स्वतः आली. स्वच्छ कपडे, घासलेली नखं. आपल्याच टोपलीशेजारी अवघडून उभी राहिली.

तेवढ्यात चष्मेवाल्या बाई आल्या. आमच्या घरात विषारी काही येतच नाही, हे येता-जाता ऐकवणाऱ्या. सरळ मातीतल्या गाजरांच्या टोपलीत हात.

“अहो, ती औषधाची आहेत,” ताई म्हणाली. “बिनऔषधाची ही. मी पिकवलेली.”

बाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “तुम्ही शेती करता? वाटत नाही.” मग माझ्याकडे वळल्या. “खरं का हो?”

इस्त्री मागेच उभी, डोळे वटारून. माझं डोकंच फिरलं.

“खरं आहे!” मी ओरडले. “ही माती मीच लावलीय. आज सकाळी, मागच्या नळावर!”

बाईंनी ताईचं एक गाजर उचललं, हुंगलं, परत ठेवलं.

“असेलही तसं. पण इतकं चकचकीत बघून मन धजत नाही हो,” असं म्हणून त्यांनी मातीतल्या गाजरांनीच पिशवी भरली.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. त्या मेल्या इस्त्रीनं मला कामावरून हाकललं असतं तरी चाललं असतं. पण ते हसले. चक्क खदखदून हसले.

“बघितलंत? सांगूनसुद्धा घेतात! ताई, मातीसकट आणा, टोपली ठेवतो तुमची.”

जे मी शंभरदा सांगून थकले, त्याला ताईनं आता मान हलवली, आणि मला ती अख्खी टोपली त्या माणसाच्या डोक्यावर उपडी करावीशी वाटली. ताईचाही राग आला. भांड ना गं, म्हणावंसं वाटलं.

ती माझ्या हातांकडे बघत होती.

“माती कुठली लावतेस?”

“कुंडीतली.”

“माझ्या गाजरांना ती नको लावूस,” ती म्हणाली. “मी शेतातली आणून देईन.”