अर्धी दाढी

गल्लीतला न्हावी भला माणूस आहे, याबद्दल गल्लीत दुमत नव्हतं. वस्तरा धारदार, हात हलका, आणि दाढी झाल्यावर गालावर तुरटी फिरवून "आमेन" म्हणायची सवय. म्हणून सगळे त्याला आमेनच म्हणत. जिथे कुत्र्यालाही शिवीनेच हाक मारतात अशा गल्लीत एवढं नाव मिळणं म्हणजे पदवीच.

खरी पदवी म्हणजे आरशाशेजारी चौकटीत टांगलेलं प्रमाणपत्र. त्याच्या चर्चच्या मंडळीत एकदा तीन दिवसांचं शिबिर झालं होतं : रोजच्या बोलण्याचालण्यातून आपल्या विश्वासाची साक्ष कशी द्यावी. वक्त्याने सांगितलं, आधी समोरच्याचं ऐकून घ्या, मग आपलं सांगा. यातला पहिला भाग चालू होता तेव्हा आमेन चहा घ्यायला गेला होता. दुसरा भाग मात्र त्याने मनापासून ऐकला.

त्याच्या धंद्यात तशी सोयही होती. गळ्याभोवती कापड बांधून तोंडाला फेस फासला की गिऱ्हाईक बोलू शकत नाही. वस्तरा टेकला की मानही हलवू शकत नाही. आमेन नेमका तेव्हाच तोंड उघडायचा. कल्ल्यांपाशी पापाने सुरुवात करायचा आणि हनुवटीपाशी तारणाला पोचायचा. गिऱ्हाईक डोळे मिटून पडून राहायचं. रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेब विचारायचे, "काय, लोकांचा प्रतिसाद?"

"फार शांतपणे ऐकतात, साहेब. आजवर कुणी उलटून शब्द काढला नाही."

"गळ्यावर वस्तरा असल्यावर मीही नाही काढणार," त्याची बायको मागून पुटपुटायची.

उलटून बोलणारा एकच होता. मास्तर. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, पंचवीस वर्षं दर शनिवारी सकाळी दाढीला येणारे. देवाधर्माच्या वाटेला न जाणारे. पण फेस लागण्याआधी आमेनशी घटकाभर हुज्जत घातल्याशिवाय त्यांचा शनिवार उजाडत नसे. "अरे, तुझा प्रभू पाण्यावर चालला म्हणतोस, आणि तुझ्या नळाला पाणी नाही!" दाढी झाल्यावर आमेन "आमेन" म्हणाला, की मास्तर आरशात बघून गंभीरपणे म्हणायचे, "तथास्तु." आमेनला वाटायचं, हा माणूस आज ना उद्या मार्गावर येईल.

दीड वर्षापूर्वी मास्तर आले ते गुरुवारी. त्यांच्या बायकोचं, बाईंचं, दुखणं विकोपाला गेलंय हे गल्लीला ठाऊक होतं. खुर्चीत बसता बसता ते म्हणाले, "अरे, तुला एक विचारायचं होतं."

"विचारा की, मास्तर. फेस तर लावू द्या आधी."

फेस लागला. उजव्या गालावरून वस्तरा फिरायला लागला आणि आमेनला जाणवलं की हीच ती वेळ. "मास्तर, वहिनींचं दुखणं ही हाक आहे. तुमच्यासाठी. तुमचं मन कठीण, म्हणून अशी यावी लागली."

मास्तरांनी त्याचा हात धरून वस्तरा बाजूला केला, गळ्यातलं कापड सोडलं आणि डाव्या गालावर फेस तसाच घेऊन ते भर रस्त्यातून घरी चालत गेले. चार दिवसांनी बाई गेल्या. मास्तर पुन्हा दुकानात आले नाहीत. दुसऱ्या कुणाकडेही गेले नाहीत. दाढीच वाढवली.

रविवारी आमेनने मंडळीत सांगितलं, "साक्ष दिली, पण मन दगडाचं निघालं." सगळ्यांनी हळहळून प्रार्थना केली. एक गोष्ट मात्र त्याने मंडळीत सांगितली नाही. दर शनिवारी सकाळी तो पहिली खुर्ची पुसून रिकामी ठेवायचा आणि कुणी बसायला लागलं तर म्हणायचा, "तिचा पाय हलतो." त्याला मास्तरांचं तारण हवं होतं, हे खरं. पण त्याहून जास्त ते "तथास्तु" हवं होतं.

आणि एका सकाळी मास्तरांची मुलगी दारात उभी राहिली. "काका, बाबांनी अंथरूण धरलंय. दाढी करायची म्हणतात. तुमच्याच हातची. पण..."

"पण काय गं?"

"तोंड बंद ठेवायचं म्हणालेत."

पाळकसाहेबांना कळलं, तेव्हा ते म्हणाले, "शेवटची संधी आहे. दार किलकिलं दिसलं की पाय घालायचा." बायको म्हणाली, "पाय काढून ठेवा दाराबाहेर. नुसती दाढी करा."

आमेनने बायकोचं ऐकलं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाल्यावर, पहिल्यांदा.

मास्तर उशांना टेकून बसले होते. खिडकीजवळ दुसरी खाट होती, तिच्यावर गादी नव्हती. आमेनने कात्रीने दाढी उतरवली, वाटीत फेस केला, ब्रश उचलला.

"थांब," मास्तर म्हणाले. "फेस लागायच्या आधी मला बोलायचंय. गेल्या वेळी राहिलं."

आमेन ब्रश हातात धरून उभा राहिला.

"त्या गुरुवारी हिनेच पाठवलं होतं मला. म्हणाली, आमेनला बोलवा. तो लोकांसाठी प्रार्थना करतो म्हणे, एकदा माझ्या उशाशी बसून करू दे. मला पटत नव्हतं. पण चाळीस वर्षांत तिने काही मागितलं नव्हतं रे. म्हणून आलो."

"मास्तर, तुम्ही नुसतं म्हटलं असतं तरी..."

"तोंडाला फेस होता." मास्तरांनी डावा गाल चाचपला. "फेस पुसून सांगता आलं असतं, खरंय. पण तुझं ऐकलं आणि वाटलं, हा तिच्या उशाशी बसेल आणि बोलेल माझ्याशी. तिचं मरण म्हणजे याला धडा लिहायला फळा मिळेल. घरी गेलो. ती म्हणाली, येतोय का? म्हटलं, दुकान बंद होतं."

ब्रशावरून फेस आमेनच्या मनगटावर ओघळत होता.

"रोज विचारायची. उघडलं का दुकान? चारही दिवस. मी म्हणायचो, नाही अजून."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं. ती होत नव्हती.

"मास्तर," आमेन म्हणाला, "आत्ता करू का प्रार्थना? त्यांच्यासाठी?"

"डावा गाल कर आधी," मास्तर म्हणाले. "तो राहिलाय."

त्याने डावा गाल केला. मग उजवा. कुठेही कापलं नाही. इतक्या वर्षांची सवय. शेवटी तुरटी फिरवली. मास्तर डोळे उघडून त्याच्याकडे बघत राहिले, दर शनिवारी बघायचे तसे. आमेनने तोंड उघडलं. नेहमीचं "आमेन" बाहेर आलं नाही. थोडा वेळ वाट बघून मास्तरांनी डोळे मिटले आणि भिंतीकडे तोंड केलं.

पुढच्या आठवड्यात ते गेले.

रविवारी पाळकसाहेबांनी विचारलं, "मिळाली संधी?"

"मिळाली होती, साहेब," आमेन म्हणाला. "दीड वर्षापूर्वी."

पाळकसाहेबांना वाटलं, दुःखाने याचा हिशेब चुकतोय. त्यांनी पाठीवर हात ठेवला.

सोमवारी आमेनने आरशाशेजारची चौकट काढली. मागे भिंतीला तिच्याच आकाराचा पांढरा डाग होता, तो आणखी वाईट दिसत होता. त्याने चौकट परत टांगली. पहिलं गिऱ्हाईक आलं ते समोरचा शिंपी. बसला. त्याचे डोळे सुजलेले होते, लाल होते. आमेनने ब्रश खाली ठेवला, स्टूल ओढून समोर बसला.

"काय रे, घरी सगळं बरंय ना?"

शिंप्याने दचकून आधी त्याच्याकडे पाहिलं, मग ब्रशाकडे. ओठ जरासे हलले. मग त्याने मान मागे टाकली आणि डोळे गच्च मिटून घेतले.

"बरंय सगळं," तो म्हणाला. "तुम्ही फेस लावा आणि करा सुरू तुमचं. मला लवकर जायचंय."