तेवीस सह्यांची टाचणवही

मी टाचणवही बोलतेय. जूनच्या शेवटच्या सोमवारी, सकाळी दहा वाजून पस्तीस मिनिटांनी माझं खरं आयुष्य सुरू झालं. वेळ पक्की लक्षात आहे, कारण तेव्हा मी मुख्याध्यापकांच्या टेबलावर पडून समोरच्या घड्याळाकडे बघत होते. त्याच्या आधीचं सांगण्यासारखं काही नाही. इतवारी बाजारातल्या ठोक दुकानातून डझनभर बहिणींसोबत सुतळीत बांधून मला महाल भागातल्या या शाळेत आणलं, एवढंच.

उद्या वर्गात काय शिकवायचं, ते शिक्षक आदल्या दिवशी माझ्यात लिहितात. दर शनिवारी मुख्याध्यापक ते वाचतात आणि खाली सही करतात. म्हणजे वाचायला पाहिजे.

मुख्याध्यापक सुमंत सरांनी मला उचललं आणि समोर उभ्या असलेल्या मुलीच्या हातात दिलं. मुलगीच म्हणते मी, चोवीस वर्षांची तर होती. नंदिनी मॅडम. नरखेडकडच्या खेड्यातून आलेली, पहिलीच नोकरी, तीही एका वर्षाच्या करारावर. तिच्या तळहाताच्या घामाने माझ्या पुठ्ठ्यावर डाग पडला, तो अजून आहे.

"पाचवी ब तुमच्याकडे," सर म्हणाले. "अठ्ठावन्न पोरं आहेत. थोडी वांड आहेत. टाचण पूर्ण ठेवा, बाकी काही टेन्शन घेऊ नका."

"सर, कोणत्या मुलाचं कसं काय, ते कुठे लिहून ठेवलं आहे का?"

"वर्गावर गेलं की कळते सगळं."

या शाळेची रीतच तशी होती. एसटीत रुमाल टाकून जागा धरतात तसे जुने शिक्षक उन्हाळ्यातच आपापले वर्ग धरून ठेवायचे. उरायची ती पाचवी ब, आणि ती नवीन माणसाच्या गळ्यात पडायची.

नंदिनी मॅडमने माझ्यावर खाकी कव्हर घातलं, नाव लिहिलं, चौकटी आखल्या. अक्षर इतकं नेटकं की मला माझाच अभिमान वाटला. पण चौकटीत लिहिलेलं वर्गात होत नव्हतं. ती फळ्याकडे वळली की मागे बाकं वाजायची. एक पोरगा शांत केला की तीन उठायचे. सप्टेंबरपर्यंत तिचा आवाज बसला. मधल्या सुट्टीत ती मला छातीशी धरून जिन्याखाली उभी राहायची, आणि मला तिचं धडधडणं ऐकू यायचं.

सरांशी बोलायला गेली की सर फोनवर. म्हणून एका शुक्रवारी तिने टाचणाच्या खाली, सही करायच्या जागेच्या अगदी वर, लिहिलं: "सर, मुलं ऐकत नाहीत. एकदा वर्गात येऊन बसाल का?"

शनिवारी सरांनी मला उघडलं. हातात चहा होता. पान उलटलं, सही केली, तारीख टाकली. मला वाटलं, सोमवारी येतील. नंदिनी मॅडमलाही वाटलं. तिने त्या सोमवारी सरांसाठी मागे एक खुर्ची पुसून ठेवली होती.

कोणी आलं नाही. तिने पुन्हा लिहिलं. पुन्हा सही.

नोव्हेंबरात गावाहून तिच्या वडिलांनी संत्र्यांची पिशवी पाठवली. ती तिने शिक्षकांच्या खोलीत ठेवली आणि सुहासिनी मॅडमजवळ जाऊन बसली. या बाई जुन्या, मागच्या वर्षी हीच पोरं त्यांच्याकडे चौथीत होती.

"मॅडम, तुम्ही ह्यांना कसं सांभाळलं? मला थोडं सांगा ना."

सुहासिनी मॅडमने फोड तोंडात टाकली. "संत्री गोड हायेत वं तुह्या गावची. हे पाह्य, पहिलं वर्ष असंच राहते. आम्हाले कोणी शिकवलं? रडत रडतच शिकलो. तूही शिकशील."

बाई वाईट नव्हत्या. त्यांना खरंच वाटत होतं की हे असंच चालतं. पिशवी तेवढी संध्याकाळपर्यंत रिकामी झाली.

त्याच आठवड्यात नंदिनी मॅडमने माझ्यात लिहिलं: "पियुष हाक मारली तरी बघत नाही. मुद्दाम करतो असं वाटतं. काय करू?"

शनिवार. सही. तारीख.

हा पियुष म्हणजे शाळेत खिचडी शिजवणाऱ्या पायलताईंचा मुलगा. गुणी पोरगं, पण आपल्याच नादात. नंदिनी मॅडमने हाक मारली आणि त्याने मान वर केली नाही की वर्ग खिदळायचा, "मॅडम, पियुषले टावर नाही!" तिला वाटायचं, सगळे मिळून आपलीच टर उडवतात.

जानेवारीतला बुधवार होता. दुसऱ्या दिवशी तपासणीला साहेब येणार होते. मी टेबलावर उघडी होते. तिने पियुषला धडा वाचायला सांगितलं, एकदा, दोनदा, तीनदा. तो खाली बघून पेन्सिल छिलत होता. मागून कोणीतरी ओरडलं, "तो तुमाले भावच नाही देत मॅडम!" आणि सगळा वर्ग हसला.

ती ताडताड गेली आणि तिने त्याच्या कानशिलात मारली.

तो आवाज मी विसरू शकत नाही. सात महिन्यांत पहिल्यांदा तो वर्ग गप्प झाला. नंदिनी मॅडम आपल्या हाताकडे बघत राहिली, जसा काही तो दुसऱ्याच कोणाचा हात होता.

पायलताई हातात पळी तशीच घेऊन धावत आल्या. "काहून मारलं माह्या पोराले? त्याले डाव्या कानानं आयकू येत नाही! एकच कान चांगला, त्याच्यावरच मारलं तुम्ही!"

"मला... मला कोणी सांगितलंच नाही ताई."

"मागच्या वर्षी मी सुहासिनी मॅडमले सांगतलं होतं. मले वाटलं, एक मॅडम दुसऱ्या मॅडमले सांगतच असन!"

सुहासिनी मॅडम दारातच उभ्या होत्या. त्या मागच्या मागे निघून गेल्या.

डॉक्टरांनी सांगितलं, त्या कानाने आता थोडंच ऐकू येईल, बाकीसाठी वाट बघू. शाळेत बैठक बसली. शाळा समितीच्या लोकांनी विचारलं, नवीन बाईला काही मार्गदर्शन होतं की नाही? सुमंत सरांनी मला कपाटातून काढलं आणि टेबलावर उघडलं. "हे बघा. दर आठवड्याला पाहिलेलं आहे. तेवीस आठवडे, तेवीस सह्या."

नंदिनी मॅडम हळूच म्हणाली, "सर, सहीच्या वर वाचा ना."

सरांची नजर एक क्षण वर सरकली. मी बघितलं. मग त्यांनी मला मिटलं.

नंदिनी मॅडम दुसऱ्या दिवसापासून आली नाही. तिला सोडायला कोणी फाटकापर्यंतही गेलं नाही.

एप्रिलमध्ये कपाट साफ झालं आणि मी रद्दीत पडले. ती रद्दी खिचडीच्या खोलीत आली, गंज, म्हणजे खिचडीची मोठी पातेली, पुसायला. पायलताईंनी मला फाडायला घेतलं, आणि त्यांना पोराचं नाव दिसलं. त्या सातवी शिकलेल्या. ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत वाचलं. "मुद्दाम करतो असं वाटतं. काय करू?" खालची सही बघितली. मग मागची पानं उलटली. "एकदा वर्गात येऊन बसाल का?" सही. सही.

"किती शिव्या देल्या मी तिले," त्या स्वतःशीच म्हणाल्या. तांदळाच्या पोत्यावर टेकल्या. पियुष दारात येऊन काहीतरी विचारत होता. त्यांनी त्याच्याकडे तोंड केलं, त्याला ओठ दिसतील असं, आणि मोठ्याने म्हणाल्या, "काही नाही रे बेटा."

मला त्यांनी फाडलं नाही. मिठाच्या डब्यामागे ठेवलं.

आता पुन्हा जून संपत आला आहे. नवीन शिक्षक आले आहेत, रविंद्र सर. मिशी नीट फुटायची आहे अजून. त्यांना पाचवी ब मिळाली आणि माझ्यासारखी एक कोरी वहीही मिळाली. काल पायलताई मला पदराखाली घेऊन वर गेल्या. वर्गात गोंधळ चालला होता. सर फळ्याजवळ घामाघूम उभे होते.

"काय ताई?"

पायलताईंचा हात पदराखाली माझ्यावर घट्ट झाला. व्हरांड्याच्या टोकाला सुमंत सर उभे होते.

"काही नाही सर. पोरायले म्हणा, ताटं धुऊन ठेवत जा."

आणि आम्ही खाली आलो. त्यांचं काम गेलं तर पियुषच्या औषधाचं काय, हे मला कळतं. मी त्यांना दोष देत नाही.

पण मला पाय नाहीत आणि त्यांना हिंमत होत नाही. मग उरलात तुम्ही. तुमच्या ओळखीत कोणी मुख्याध्यापक असेल, जुनी मॅडम असेल, तर माझा एवढा निरोप द्या. नवीन माणूस वर्गावर आला की त्याच्या मागे एक दिवस खुर्ची टाकून बसा. कोणत्या लेकराला काय होतं, ते त्याला पहिल्याच दिवशी सांगा. आणि तुमचं मूल शाळेत असेल, तर एका मॅडमने दुसरीला सांगितलंच असेल, असं धरून बसू नका.

माझ्यात तेवीस सह्या आहेत. मला वाचलं मात्र एकीनेच, तेही उशिरा. रविंद्र सरांच्या वहीत सुमंत सरांची पहिली सही येत्या शनिवारी होईल. त्याच्या आधी कोणाला तरी सांगा.