एकाच पायाचं टेबल

ताईला न विचारता सल्ला द्यायची खोड, आणि धाकटीला तो या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्यायची. त्यामुळे धाकटीने आपल्या सुतारकामाच्या शेडमधून फोन करून "ताई, जरा येतेस? तुझं डोकं हवंय," म्हटल्यावर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारी ताई हातातलं काम टाकून निघाली.

शेडमध्ये मांडलेली फळी वेड्यावाकड्या चौकोनाची होती. एक टोक रुंद, दुसरं निमुळतं. चार माणसांशिवाय हलणार नाही इतकी जड.

"एकच लोखंडी पाय बसवायचाय, तोल साधून. तिकोनी टेबलं जमली मला, हिचं मधोमध सापडेना. भोक चुकलं की फळी गेली. अशी पुन्हा मिळायची नाही."

"त्यात काय! एका कोपऱ्यापासून बाकीचे कोपरे किती लांब आणि कुठल्या दिशेला, ते सदिश मांडायचे. बेरीज करून चाराने भागायचं. त्रिकोणात तिनाने भागतो, तसंच."

ताईने मापं घेतली, चुटकीसरशी गणित केलं आणि पेन्सिलीने फुली मारली.

"शिकल्याचा उपयोग झाला म्हणायचा एकदाचा," म्हणत धाकटी ड्रिल आणायला वळली.

ताई फुलीकडे बघत राहिली. निमुळत्या टोकाला दोन कोपरे अगदी जवळजवळ होते, रुंद टोकालाही दोनच. चौघांना तिने सारखाच मान दिला होता. पण वजन कोपऱ्यांत नव्हतं, सगळ्या लाकडात होतं. त्रिकोणात कोपऱ्यांचा मध्य आणि लाकडाचा मध्य एकाच जागी येतात, म्हणून ती गाफील राहिली. आता बोललं तर ही आपल्याला पुन्हा कशाला विचारेल?

ड्रिल घरघरलं.

"थांब! चुकलं माझं."

धाकटीने मशीन बंद केलं. "काय म्हणालीस? परत म्हण."

"चुकलं. टिंगल नंतर कर, आधी कर्ण आखून दोन त्रिकोण पाड."

दोन्ही त्रिकोणांचे मध्य जोडणारी रेघ आली. सगळ्या फळीचा तोल याच रेघेवर कुठेतरी असणार. दुसरा कर्ण घेऊन दुसरी रेघ आली. दोन्ही रेघा जिथे छेदल्या, तिथून आधीची फुली निमुळत्या टोकाकडे चांगली पाच बोटं सरकलेली होती.

धाकटीने नव्या जागी भोक पाडलं, भुसा फुंकला.

"आता पायाखालची बैठक केवढी घेऊ, सांग."

उत्तर ताईच्या ओठांवर आलंच होतं. पण तिने आधी टेप मागितला.